हात न लावता

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या साताऱ्याच्या कुठल्याही गल्लीतून एक चक्कर मारा. एक वाक्य हमखास कानावर येईल. अंगणात पोरे किल्ला करीत असतात. दगडविटा रचून झालेल्या असतात, चिखलात भिजवलेले गोणपाट वर पांघरलेले असते. बुरूज मात्र काही केल्या उभा राहत नाही. वडील पायरीवर उभे राहून दोन मिनिटे ही धडपड पाहतात. मग बाह्या वर सारून खाली उतरतात आणि म्हणतात, "सरक जरा, मी दाखवतो." अर्ध्या तासाने बुरूज झोकात उभा असतो, वडिलांच्या कोपरापर्यंत चिखल असतो, आणि पोरे शेजारच्या अंगणात क्रिकेट खेळत असतात.

हे वाक्य मी स्वतः किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. मी बाप आहे आणि वर शिक्षक आहे. म्हणजे ते म्हणण्याचा दुहेरी परवानाच माझ्याजवळ आहे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही, पण एका छोट्या खासगी शाळेत मुलांना हातकाम आणि मराठी शिकवून मी पोट भरतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा "सरक जरा" या दोन शब्दांत काही वावगे असेल अशी शंका मला चाळिशी उलटेपर्यंत आली नव्हती. ती आली एका दीड वीत लांबीच्या जीपमुळे.

तिची हकीकत अशी. दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा मुलगा यवतेश्वराच्या वाटेने फिरायला गेलो होतो. तेथे पुण्याची काही तरुण मंडळी धोंड्यांवर छोट्या मोटारी चढवीत होती. रेडिओवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी मी पाहिल्या होत्या. त्या सूं करून पळतात आणि भिंतीवर आपटतात. ही जात निराळी होती. हिला रॉक क्रॉलर म्हणतात. ती पळत नाही, रांगते. एक चाक दगडावर टेकवते, चाचपते, घसरते, पुन्हा टेकवते, आणि एखादी म्हातारी पर्वतीच्या पायऱ्या चढावी तशी हळूहळू वर जाते. चिरंजीव तेथे दोन तास उभे राहिले. घरी येताना त्याने एवढेच म्हटले, "बाबा, आपण एक करू या का?" घेऊ या का, असे तो म्हणाला नाही. तयार गाडीची किंमत त्याने आधीच विचारून घेतली असावी. ती माझ्या महिन्याच्या पगारात बसणारी नव्हती.

हा खेळ मुळात अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन नावाची एक वाट आहे. वाट कसली, दगडधोंड्यांचा पसारा. १९५३ साली तेथे जीपवाल्यांची पहिली मोठी सहल निघाली आणि पुढे ती दरवर्षीची जत्रा झाली. खऱ्या जीपचे ते वेड पुढे छोट्या जीपमध्ये उतरले. त्या वाटेच्या चित्रफिती मुलाने मला दाखवल्या, त्यांतली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. जीप अवघड जागी आली की एक माणूस खाली उतरून पुढे उभा राहतो. चालकाला चाकाखालचे दिसत नाही, ते याला दिसते. तो नुसत्या हाताने खुणावतो. थोडे डावीकडे, आता थांब, आता ये. गाडीला तो स्पर्श करीत नाही. सुकाणू चालकाच्याच हातात असते. आणि छोट्या गाड्यांच्या शर्यतीत तर नियमच असा की अडलेल्या गाडीला हात लावला की दंडाचे गुण बसतात. मी हे पाहिले, कौतुक केले, आणि शिक्षकाच्या सवयीने त्यातून स्वतः काहीही न शिकता झोपी गेलो.

गाडी कोणती करायची याचा निर्णय मुलानेच केला. आमच्या ओळखीच्या एका गॅरेजच्या मागे जुनी महिंद्रा जीप विटांवर उभी आहे. विलिस कंपनीने १९५३ साली काढलेले ते सीजे-३बी नावाचे मॉडेल. नवे उंच इंजिन बसावे म्हणून तिचे बॉनेट उंच केले होते. महिंद्रांनी ते आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवले. आम्ही बापलेक टेप घेऊन गेलो. पुढच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ८० इंच, म्हणजे २०३ सेंटिमीटर. प्रमाण १ : १० धरले. मुलाने वहीत लिहिले, २०.३.

या २०.३ वरून आमचा पहिला वाद झाला. बाजारात मिळणाऱ्या या मापाच्या बऱ्याच क्रॉलरांत हे अंतर ३० सेंटिमीटरच्या वर असते, आणि ते उगाच नसते. गाडी चढावर उभी राहिली की तिचा भार मागे सरकतो. भाराचा मध्य मागच्या चाकांच्या पलीकडे गेला की गाडी उताणी पडते. लांब गाडीला हे घडायला खूप उभा चढ लागतो, आखूड गाडीला थोडा पुरतो. मी म्हटले, "जरा लांब कर. चढेल तरी." तो म्हणाला, "मग ती जीप राहणार नाही, बाबा." टायरच्या बाबतीत मात्र याच सत्यवचनी पुरुषाने तत्त्वाला मुरड घातली. खऱ्या चाकाची उंची ७० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आमचे ७ व्हायला हवे. त्याने साडेनऊचे घेतले. कारण ७ च्या चाकावर ॲक्सलचे पोट प्रत्येक धोंड्याला घासले असते. कुठे खरे राहायचे आणि कुठे थोडे खोटे बोलायचे हे प्रत्येक जण आपापले ठरवतो. मी कादंबरीकार आहे, मला या विषयावर फार बोलता येणार नाही.

एका गोष्टीत मात्र कोणाचेच काही चालत नाही. माप दहावा हिस्सा करता येते, पृथ्वीची ओढ दहावा हिस्सा करता येत नाही. खरी जीप १० मीटरांवरून पडली तर खाली यायला तिला सुमारे १.४ सेकंद लागतात. आमची १ मीटरवरून पडली तर अर्ध्या सेकंदाच्या आतच खाली. म्हणून छोटी गाडी पडताना नेहमी घाईघाईने पडल्यासारखी दिसते. चित्रपटवाले प्रतिकृतींचे अपघात वेगाने टिपून मग संथ करून दाखवतात ते याचसाठी.

मोटर, ॲक्सल, रेडिओ आणि सुकाणू फिरवणारा सर्व्हो विकत घेतले. काही नवे, काही कोणाचे वापरलेले. बाकी घरी. चासीच्या दोन पट्ट्या दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून करवतीने कापून कानशीने घासल्या. ॲक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्या लेथवाल्या काकांनी आटे पाडून दिल्या. बॉडी तेलाच्या पंधरा किलोंच्या डब्यातून निघाली. जुन्या जीपचे अंग सपाट असल्याने पुठ्ठ्याचे नमुने कापून ती पत्र्यावर उतरवता आली. मोटर मुद्दाम मंद निवडली. तिच्या आत तारेचे वेढे जितके जास्त तितकी ती हळू फिरते आणि तितक्याच विजेत जास्त जोर देते. आमची ५५ वेढ्यांची आहे.

डिफरन्शियलची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. साध्या मोटारीत वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून हे यंत्र असते. पण त्याची एक खोड आहे. एक चाक हवेत उचलले गेले की ते मोकळे गरगर फिरते आणि दुसरे, जे जमिनीवर असते, ज्याला खरी गरज असते, ते ढिम्म उभे राहते. जिथे विरोध नाही तिथे सगळी धाव. म्हणून क्रॉलरमध्ये ते जाम करून टाकतात, दोन्ही चाके एकत्रच फिरतात. मुलाने हे मला समजावून सांगितले तेव्हा मी "असं होय" म्हटले. पुढे महिन्याभराने मला ते नीट कळले.

फाल्गुनातली गोष्ट. मुलगा झोपला होता. मी पाण्याचा तांब्या घ्यायला उठलो आणि मेजावर पडलेल्या त्या सांगाड्याजवळ थबकलो. डाव्या पट्टीचे मागचे भोक दोन मिलिमीटर वर पडले होते. त्यामुळे मागचा ॲक्सल किंचित तिरका बसत होता. मोटरच्या दोन तारा त्याने सोल्डर केल्या होत्या. जुने तांबट ज्याला डाख देणे म्हणत, तेच हे काम. डाख चांगला लागला की चकचकीत आणि पसरट दिसतो. हे दोन गोळे मळकट आणि खडबडीत होते. तार पुरेशी तापलीच नव्हती. चार धक्के बसले की सुटणार हे मला दिसत होते. मी खुर्ची ओढली. म्हटले, एवढे दोन डाख देऊन उठू.

रात्री दीड वाजता मी उठलो तेव्हा दोन्ही डाख झालेच होते, शिवाय नवी पट्टी कापून, घासून, बरोबर जागी भोक पाडून बसवून झाली होती. जुनी मी भंगाराच्या डब्यात टाकली. खोटे कशाला सांगू? त्या दोन तासांत मला जो आनंद झाला तो गेल्या दोन कादंबऱ्या पुऱ्या करताना झाला नव्हता.

सकाळी त्याने गाडी उचलली. उलटी केली. पट्टीवरून बोट फिरवले. "छान झालीय," म्हणाला, आणि आंघोळीला गेला. रागावला नाही, रडला नाही. फक्त त्यानंतर सहा आठवडे त्याने त्या गाडीला हात लावला नाही. मी दोनदा विचारले. एकदा परीक्षा होती, एकदा कंटाळा होता. शेवटी आमच्या घरातूनच निकाल मिळाला. भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "त्याला खेळणं दिलंत म्हणता. मला तर तुम्हीच ते घेतलेलं दिसलं."

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! बापाने मुलाचे चुकलेले काम नीट केले, यात गुन्हा तो काय? हाच युक्तिवाद मी स्वतःशी पुष्कळ दिवस केला. डाख खरोखरच कच्चा होता. भोक खरोखरच चुकले होते. प्रेमानेच केले, रात्रीची झोप मोडून केले, मोबदला मागितला नाही. आणि शिकवणे म्हणजे तरी दुसरे काय? माझ्या आईने माझा हात धरूनच पाटीवर श्री गिरवून घेतला होता. तो धरला नसता तर आज हा लेख तुमच्यापुढे आला नसता. बरेच दिवस हा दाखला मला बिनतोड वाटला. मग एके दिवशी वर्गात एका मुलीची पेन्सिल नीट धरून देताना त्यातली खोच ध्यानात आली. पाटीवर आईच्या हाताखाली माझा हात होता. त्या रात्री माझ्या हाताखाली कोणाचाच हात नव्हता.

आणि याची मला आधीच वर्दी मिळायला हवी होती. बारा वर्षांमागे निबंधस्पर्धेसाठी मी वर्गातल्या एका मुलीला उभे केले होते. तिच्या निबंधातली चार वाक्ये मी सुधारली. मग त्या चारांना शोभत नाहीत म्हणून आणखी सहा. शेवटी तिचे शीर्षक आणि विरामचिन्हे तेवढी राहिली. पहिले बक्षीस आले. दुसऱ्या दिवशी ती कप घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, हा तुमच्याकडे ठेवू?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरेच कळत नव्हते तो कोणाकडे असावा. तिने पुन्हा कधी स्पर्धेसाठी नाव दिले नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या कादंबरीचा शेवट एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी "जरासा" दुरुस्त केला होता. आजही कोणी वाचक भेटले तर नेमके त्या शेवटाचेच कौतुक करतात आणि मी कसनुसा हसतो. म्हणजे दुसऱ्या बाजूला उभे राहिल्यावर कसे वाटते हेही मला ठाऊक होते. तरी मी रात्री खुर्ची ओढलीच. मोकळ्या चाकासारखे माझे हात जिथे काही अडत नव्हते तिथे गरगर फिरले. त्याला खरोखर हवी होती ती माझी वाट पाहण्याची तयारी. आणि ते चाक ढिम्म उभे होते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मुलांना मोकळे सोडावे, चुकू द्यावे. इतके सोपे ते मला वाटत नाही. या गाडीची बॅटरी लिथियमची आहे. दोन घट, पूर्ण भरल्यावर दोहोंचे मिळून ८.४ व्होल्ट. त्याहून जास्त भरली, किंवा तिला खिळा-दगड लागून भोक पडले, तर ती फुगते, पेट घेते आणि पाण्याच्या तांब्याला दाद देत नाही. एका घटात ३ व्होल्टच्या खाली उतरू दिली तरी ती बिघडते. बॅटरी भरताना मी जातीने समोर बसतो, पलंगावर किंवा कागदांच्या जवळ भरू देत नाही, आणि मुलगा घाईने काही करू लागला की खुशाल म्हणतो, "सरक." त्याची मला लाज नाही. कच्चा डाख काय करील? गाडी बंद पडेल. धोंडा स्वतःच चूक सांगेल, ती कोणाला न दुखवता सांगेल, आणि दुसऱ्याच दिवशी ती दुरुस्त करता येईल. बॅटरी सांगेल तेव्हा पडदे पेटलेले असतील.

पण आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी या दोहोंच्या मधल्या असतात, ही खरी अडचण. धोंडा एका सेकंदात उत्तर देतो. चुकीचे शिक्षण, चुकीची सोबत, चुकीची नोकरी वीस वर्षांनी उत्तर देते. तेथे बापाने हात मागे बांधून किती वेळ उभे राहावे? मला ठाऊक नाही. त्या निबंधातले एखादे वाक्य मी सुधारले असते तर ते शिकवणे झाले असते, सगळे सुधारले ती लूट झाली. पण कितव्या वाक्यापाशी रेघ ओलांडली गेली हे आजही मला सांगता येणार नाही. त्या वेळी तर प्रत्येक वाक्य "एवढे एकच" होते.

मे महिन्यात, काही न बोलता, मुलाने गाडी पुन्हा खाली घेतली. त्याच्या हातात जुनी पट्टी होती. भंगाराच्या डब्यातून त्याने ती दुसऱ्याच दिवशी काढून कपाटात ठेवली होती. म्हणाला, "ही माझी लावतो. वायरींचं राहू दे, ते चांगलं झालंय." मी म्हटले, "भोक वर आहे तिचं." तो म्हणाला, "माहीत आहे." आजही ती जीप सपाट फरशीवर उभी केली तर मागचा डावा कोपरा किंचित दबलेला दिसतो.

घरामागच्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात चाचणी सुरू झाली. पाण्याने गुळगुळीत झालेला काळा दगड, आणि त्यावर आखूड जीप. पहिल्या दिवशी ती अकरा वेळा उताणी पडली. बॅटरी मागच्या बाजूला होती; ती पुढे घेतली की निम्मे काम होईल हे मला दुसऱ्याच पडण्याला कळले होते. मी हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचे मनगट धरून ठेवले. हे वाक्य वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात तीन संध्याकाळी मी त्या ओढ्यात जे गिळले ते मीच जाणे. तिसऱ्या संध्याकाळी मुलगा खाली बसला, पेन्सिल आडवी ठेवून तिच्यावर जीप तोलून पाहू लागला. तोल मध्याच्या बराच मागे जमत होता. तो बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग घरी येऊन त्याने बॅटरी पुढे, जाळीच्या मागे बसवली, आणि चाकांच्या तोलासाठी गॅरेजात चिकटवतात त्या शिशाच्या चिपा मागून आणून पुढच्या ॲक्सलवर लावल्या. चौथ्या संध्याकाळी जीप त्या दगडावर चढली. वर पोचल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. मी मनगट सोडले तेव्हा त्यावर बोटांचे वळ होते.

मागल्या दिवाळीत आमच्या अंगणातला किल्ला गल्लीतल्या पोरांनी केला. बुरूज वाकडा होता. शिवाजी महाराज सिंहासनावर, खाली मावळे, आणि मावळ्यांच्या मधून विसाव्या शतकातली जीप गडावर चढत होती. त्याबद्दल कोणालाच काही वाटत नव्हते. भाऊबीजेला माझे मेहुणे आले. त्यांनी जीप पाहिली आणि भाच्याच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने विचारले, "झकास! कोणी केली रे? बाबांनी ना?"

"मी केली, मामा," तो म्हणाला. "मोटरच्या वायरींचे दोन डाख बाबांचे आहेत."

तेवढ्यात जीप वाकड्या बुरुजापाशी अडली. पुढचे एक चाक हवेत लटकले, मागच्यांनी माती उकरायला सुरुवात केली. मेहुण्यांनी बाह्या वर सारल्या. "थांब, थांब, पडेल बघ ती. सरक जरा..."

"मामा, हात नाही लावायचा," मुलगा रेडिओवरची नजर न काढता म्हणाला आणि त्याने गाडी हळूच मागे घेतली.

मेहुणे अर्धवट वाकलेले, हात पुढे, तसेच माझ्याकडे पाहू लागले. मी पुढे होऊन त्यांच्या दोन्ही हातांत फराळाचे भरलेले ताट दिले.